हुमणीवर मेटारायझियम : पावडर चांगली, पण घाई असणाऱ्यांसाठी नाही

उसाची रोपं लावली की आमच्या माळाच्या रानात हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी, ठरलेली. पानं पिवळी पडतात, रोप हाताने ओढलं की अलगद वर येतं, खाली मुळंच नाहीत. म्हणून यंदा लावणीतच मेटारायझियम ॲनिसोप्ली या बुरशीची पावडर चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून सरीत टाकली, रोपाच्या बुडाशी.

औषध मारलं आणि संध्याकाळी अळ्या मेल्या, असं होत नाही. बुरशीचे बीजाणू अळीच्या कातडीला चिकटतात, रुजतात आणि आत शिरतात. अळी आधी सुस्त होते, मग कडक, आणि ओल असेल तर अंगावर हिरवट थर धरते. खुरपताना अशा अळ्या सापडल्या तेव्हा पैसे वसूल वाटले. हा उपाय जुनाच. रशियन शास्त्रज्ञ मेचनिकॉफने १८७९ साली ओडेसाकडे (आजच्या युक्रेनमध्ये) गव्हावरच्या भुंगेऱ्यांवर हीच बुरशी वापरून पाहिली होती.

लहान अळ्यांवर गुण छान. बोटाएवढ्या झालेल्या मात्र दाद देत नाहीत, त्या वेचाव्याच लागतात. पहिल्या वळवानंतर कडुनिंब-बाभळीवर बसणारे हुमणीचे प्रौढ भुंगेरेही गोळा करा.

तक्रार एकच. साठवण कशी करायची ते पाकिटावर इतकं बारीक छापलंय की चष्मा लावूनही दिसेना. बीजाणू जिवंत असतात, पत्र्याच्या शेडमध्ये तापले की संपलं! घेताना उत्पादनाची तारीख बघा, उन्हात टाकू नका, जमिनीत ओल ठेवा, बुरशीनाशकाबरोबर तर अजिबात नको.

पाचपैकी चार तारे.