एफओव्ही ९० ठेवावे की १२०? चित्र कडेला का ताणते आणि निवड कशी करावी

फोंडा, म्हापसा किंवा मडगावात नवा पीसी घेऊन शूटिंग गेम खेळू लागलेल्या बहुतेकांपुढे लवकरच हा प्रश्न येतो. एफओव्ही, म्हणजे दृष्टिक्षेत्राचा कोन, वाढवला की आजूबाजूचे जास्त दिसते. मात्र पडद्याच्या कडेची माणसे आणि खांब विचित्र रुंद होतात. मंगेशीच्या देवळाच्या प्रांगणात मोबाइलच्या वाइड लेन्सने घरच्यांचा फोटो काढला, तर कडेला उभे राहिलेले असेच फुगलेले दिसतात, आणि त्याचे कारणही हेच आहे.

गेमचे इंजिन त्रिमितीय जग सपाट पडद्यावर उतरवताना सरळ रेषा सरळच राहील अशी पद्धत वापरते. ग्राफिक्स कार्ड सगळे दृश्य त्रिकोणांनी रंगवते आणि त्या त्रिकोणांच्या कडा सरळ राहिल्या तरच काम झपाट्याने होते. या सोयीची किंमत कडेला मोजावी लागते, कारण केंद्रापासूनचे अंतर कोनाच्या टॅन्जंटच्या प्रमाणात वाढत जाते. आडवा कोन ९० अंश असेल, तर डाव्या-उजव्या कडेवरचा छोटा चेंडू उंचीच्या सुमारे १.४ पट रुंद दिसतो. १२० अंशांना तो दुप्पट रुंद होतो. १८० अंश तर या पद्धतीने दाखवताच येत नाहीत.

मधल्या भागाचे नुकसान मात्र पुष्कळांच्या लक्षात येत नाही, आणि माझ्या मते तेच अधिक महत्त्वाचे आहे. १९२० पिक्सेल रुंदीच्या पडद्यावर केंद्राजवळच्या एका अंशाला ९० वर सुमारे १७ पिक्सेल मिळतात, १२० वर जेमतेम १०. म्हणजे दूरचा शत्रू पूर्वीच्या सुमारे ५८ टक्के आकाराचा होतो आणि नेम धरणे तितकेच अवघड जाते. जवळून, धावपळीत लढायचे असेल तर १२० चा उपयोग आहे. लांबून नेम धरायचा असेल तर ९० च बरे.

ताण जाणवणे आपण कुठे बसतो यावरही अवलंबून असते. २४ इंची मॉनिटर सुमारे ५३ सेंटिमीटर रुंद असतो. ९० अंशांचे चित्र बिनचूक दिसण्यासाठी डोळा पडद्यापासून साधारण २६ सेंटिमीटरवर हवा, तर १२० साठी १५ वर, आणि इतक्या जवळ कोणी बसत नाही. ६० सेंटिमीटरवरून तो मॉनिटर प्रत्यक्षात ४८ अंशच व्यापतो. त्यामुळे कोणताही आकडा ही तडजोडच असते. हॉलमधल्या ४३ इंची टीव्हीपासून अडीच मीटरवर बसणाऱ्याला पडदा अवघा २१-२२ अंशांचा पडतो, म्हणून तिथे ६५ ते ७५ पुरे.

मित्राचा आकडा उचलण्याआधी तो आडव्या कोनाचा आहे की उभ्या, हे आवर्जून विचारावे. माइनक्राफ्टमधले ७० हे उभ्या कोनाचे माप असून १६:९ पडद्यावर ते आडवे सुमारे १०२ होते. व्हॅलोरंटमध्ये तर आडवा कोन १०३ वर कायम आहे, त्यामुळे तिथे हा प्रश्नच उरत नाही.

पानिनी प्रक्षेपण, म्हणजे दृश्य सपाट पडद्यावर उतरवण्याची एक वेगळी पद्धत, हा तिसरा पर्याय युनिटी आणि अनरियल या दोन्ही गेम-इंजिनांत उपलब्ध आहे. त्यात उभ्या रेषा सरळ राहतात आणि कडेचा ताण बराच कमी होतो. मात्र आडव्या रेषा काहीशा वाकतात. खेळाडूला तो बदल करू देणारे गेम थोडेच असतात. मिळाला, तर रुंद मॉनिटरवाल्याने तो जरूर वापरून पाहावा.

मेजावर २४ किंवा २७ इंची मॉनिटर असेल, तर आडव्या ९५ पासून सुरुवात करावी. गेममध्ये एखाद्या गोल वस्तूजवळ उभे राहून ती पडद्याच्या कडेला जाईपर्यंत हळूहळू मान वळवावी. ती खटकण्याइतकी अंडाकृती होत असेल, तर पाच अंश कमी करावेत. न खटकल्यास पाच वाढवून पुन्हा पाहावे. डोके जड होत असेल, तर आकडा दोन्ही दिशांना बदलून पाहावा, कारण काहींना अरुंद कोनानेही मळमळते.