गोडॉक्स टीटी 600: काही महिन्यांच्या वापरानंतर

हौशी छायाचित्रकाराने पहिला बाह्य फ्लॅश निवडताना त्याच्या ताकदीचा आकडा नंतर आणि त्याचे हेड, म्हणजे प्रकाश सोडणारा वरचा भाग, कोणकोणत्या दिशांना वळते ते आधी पाहावे, असे माझे मत आता पक्के झाले आहे. कॅमेऱ्यातल्या अंगभूत फ्लॅशची खरी अडचण तो दुबळा असण्यात नाही. तो लेन्सच्या अगदी जवळ बसतो, आकाराने लहान असतो आणि समोरच पाहतो, म्हणून चेहरे सपाट येतात, डोळे लाल दिसतात आणि मागच्या भिंतीवर कडक सावली पडते. गेले बरेच महिने मी गोडॉक्सचा टीटी 600 हा मॅन्युअल (ताकद हाताने ठरवायचा) फ्लॅश घरातल्या माणसांची छायाचित्रे, टेबलावर मांडलेल्या वस्तू आणि थोडे मॅक्रो (अगदी जवळून घेतलेली छोट्या गोष्टींची चित्रे) यांसाठी नियमित वापरते आहे. किफायतशीर फ्लॅश शोधणाऱ्यांना या अनुभवाचा उपयोग व्हावा म्हणून हे सविस्तर लिहिते.

सुरुवात गाइड नंबरपासून, म्हणजे फ्लॅशच्या ताकदीच्या आकड्यापासून करणे भाग आहे, कारण खरेदी करताना बहुतेकांची नजर त्याच आकड्यावर खिळते. या फ्लॅशचा गाइड नंबर 60 आहे. गाइड नंबरला ॲपर्चरच्या (लेन्समधल्या छिद्राच्या) आकड्याने भागले की फ्लॅशचा प्रकाश किती अंतरापर्यंत पुरेल ते मिळते. म्हणजे एफ/4 ला 15 मीटर. मात्र हा 60 आकडा आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता) 100 आणि फ्लॅशचे झूम 200 मिमीवर असतानाचा आहे, म्हणजे सगळा प्रकाश अरुंद झोतात गोळा केलेला असतो. घरात आपण 24 किंवा 35 मिमीवर काम करतो, तेव्हा तोच प्रकाश रुंद पसरतो आणि आकडा बराच खाली येतो. योंगनुओ या दुसऱ्या कंपनीच्या वायएन 560 फ्लॅश मालिकेतील तिसऱ्या आणि चौथ्या आवृत्तीचा 58 हा गाइड नंबर 105 मिमीवरचा आहे. त्यामुळे 60 आणि 58 शेजारी ठेवून पहिला फ्लॅश अधिक ताकदवान ठरवणे चुकीचे आहे. तुलना करायची तर दोन्ही आकडे एकाच झूमवरचे हवेत.

आता हेडच्या हालचालीकडे येते, कारण पैसे वसूल होतात ते इथे. फ्लॅश पांढऱ्या छताकडे वळवला की प्रकाशाचा उगम काही सेंटिमीटरच्या काचेऐवजी छताचा भलामोठा भाग होतो, आणि उगम जितका मोठा तितकी सावली मऊ होते. त्यासाठी साधारण दोन ते तीन स्टॉप प्रकाश खर्ची पडतो (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा किंवा दुप्पट होणे). तरीही नेहमीच्या उंचीच्या पांढऱ्या छताखाली आयएसओ 400 आणि एफ/4 ठेवून माझे काम एक चतुर्थांश किंवा एक अष्टमांश ताकदीत होते. सरळ डोक्यावरच्या छतावर प्रकाश फेकला, तर डोळ्यांच्या खोबणीत सावली साचते. म्हणून मी हेड किंचित मागे किंवा बाजूच्या भिंतीकडे वळवते, आणि हेडमधले पांढरे कार्ड बाहेर काढते, म्हणजे डोळ्यांत चमक येते. भिंत रंगीत असेल तर तिचा रंग चेहऱ्यावर उतरतो. हिरव्या भिंतीजवळ घेतलेला चेहरा नंतर सुधारणे फार कष्टाचे असते, त्यामुळे तिथे छतच बरे. काही स्वस्त फ्लॅशचे हेड फक्त वर-खाली होते, आडवे फिरत नाही. कॅमेरा उभा धरला की अशा फ्लॅशचे हेड छताकडे रोखताच येत नाही, आणि व्यक्तिचित्रे तर आपण बहुधा कॅमेरा उभा धरूनच घेतो. टीटी 600 चे हेड वर 90 अंशांपर्यंत जाते आणि आडवेही फिरते. माझ्या लेखी ही सोय गाइड नंबरमधल्या दहा अंकांपेक्षा मोलाची आहे.

या फ्लॅशमध्ये टीटीएल नाही, म्हणजे कॅमेरा प्रकाश मोजून ताकद आपोआप ठरवत नाही. अनेकजण याच कारणाने तो बाजूला ठेवतात. माझा अनुभव असा, की विषय आणि फ्लॅश यांच्यातले अंतर फारसे बदलत नसेल तर मॅन्युअल पद्धत अधिक भरवशाची ठरते. टीटीएलमध्ये आधी एक हलका पूर्वप्रकाश सोडून मोजणी होते, आणि पांढरे किंवा काळे कपडे चौकटीत जास्त आले की ती मोजणी फसू शकते. मॅन्युअलमध्ये एकदा बसवलेले एक्स्पोजर प्रत्येक चित्रात तसेच राहते. शिकायचे असते ते इतकेच: सिंक स्पीडच्या (फ्लॅशसोबत चालणाऱ्या शटरच्या सर्वाधिक वेगाच्या) आत शटरचा वेग फक्त खोलीतल्या प्रकाशावर परिणाम करतो, ॲपर्चर आणि आयएसओ दोन्ही प्रकाशांवर करतात, आणि फ्लॅशची ताकद फक्त फ्लॅशवर. एक अष्टमांशावरून एक चतुर्थांशावर गेले की एक स्टॉप वाढतो. हे हाताला बसले की पडद्यावर एक चित्र पाहून पुढची जुळणी सहज करता येते.

मात्र विषय पळता असेल तर चित्र बदलते. मूल दोन मीटरवरून चार मीटरवर गेले तर थेट फ्लॅशचा प्रकाश त्याच्यापर्यंत एक चतुर्थांशच पोहोचतो, आणि दर वेळी बटणे दाबत बसण्यात क्षण निघून जातो. ज्यांना समारंभ टिपायचे आहेत त्यांनी थोडे अधिक पैसे घालून टीटी 685 सारखा टीटीएल फ्लॅश घेणे योग्य.

खरेदीपूर्वी कॅमेऱ्याचा हॉट शू, म्हणजे वर फ्लॅश बसवायची खाच, नीट पाहावा. कॅननने 250डी आणि 4000डी यांसारख्या काही प्राथमिक मॉडेलांच्या हॉट शूमधून मधला संपर्कबिंदूच काढून टाकला आहे. टीटी 600 सारखा फ्लॅश त्या एकाच बिंदूवर चालतो, त्यामुळे अशा कॅमेऱ्यावर तो उडत नाही. जुना फिल्मच्या काळातला फ्लॅश मिळत असेल तर त्याचे ट्रिगर व्होल्टेज (फ्लॅश उडवताना कॅमेऱ्याच्या संपर्कबिंदूवर येणारा दाब) तपासल्याशिवाय तो डिजिटल कॅमेऱ्यावर चढवू नये; त्यांपैकी काहींचे व्होल्टेज शंभराहून जास्त असते आणि त्याने कॅमेऱ्यातील सर्किट खराब होऊ शकते.

फ्लॅशला चार पेन्सिल सेल लागतात. अल्कलाइन सेल 1.5 व्होल्टचे आणि निकेल मेटल हायड्राइडचे 1.2 व्होल्टचे असले, तरी दुसऱ्यांचा अंतर्गत रोध कमी असल्याने फ्लॅश त्यांच्यावर लवकर भरतो. कंपनी पूर्ण ताकदीला 2.6 सेकंद सांगते; एक अष्टमांशावर वाट पाहावी लागत नाही. कधीतरीच फ्लॅश काढणाऱ्या हौशी माणसाने कपाटात पडूनही चार्ज टिकवणारे सेल घ्यावेत. सान्योने 2005 मध्ये आणलेले आणि आता पॅनासॉनिककडे असलेले एनेलूप हे त्यातले सर्वांत परिचित. चारही सेल एकाच जातीचे, एकाच वयाचे असावेत.

सर्वांत जास्त आनंद मात्र फ्लॅश कॅमेऱ्यावरून उतरवल्यावर मिळाला. आत 2.4 गिगाहर्ट्झचा रेडिओ असल्यामुळे वेगळा रिसीव्हर लागत नाही; कॅमेऱ्यावर गोडॉक्सचाच ट्रिगर (फ्लॅशला रेडिओ संकेत पाठवणारे उपकरण) लावला की पुरते. हाय स्पीड सिंकही (सिंक स्पीडपेक्षा वेगवान शटरवर फ्लॅश वापरण्याची सोय) याच मार्गाने मिळते, कॅमेऱ्यावर थेट बसवून नाही, ही गोष्ट विकत घेण्याआधी लक्षात ठेवावी. उन्हात एफ/2 वर व्यक्तिचित्र घ्यायचे असेल तर ते लागते, पण त्यात प्रकाशाचा मोठा हिस्सा वाया जातो, म्हणून फ्लॅश विषयाच्या जवळ आणावा लागतो. घरात मात्र चेहऱ्याच्या बाजूने, डोळ्यांपेक्षा जरा वरून, पांढऱ्या छत्रीतून आलेला प्रकाश गालाला जो उठाव देतो, तो कॅमेऱ्यावरच्या कोणत्याही महागड्या फ्लॅशने थेट मिळणार नाही. मॅक्रोमध्ये कमी ताकदीचा वेगळा फायदा होतो: किमान ताकदीवर कंपनीच्या आकड्यानुसार उजेडाचा काळ सेकंदाच्या वीसहजारांशाइतका छोटा होतो, आणि पडता पाण्याचा थेंब किंवा किड्याचे पंख त्यात गोठतात.

कॅमेरा बदलून दुसऱ्या कंपनीचा घेतला तरी रेडिओवर चालणारा हा फ्लॅश निरुपयोगी होत नाही, फक्त गोडॉक्सचा ट्रिगर त्या कॅमेऱ्यासाठीचा घ्यावा लागतो. म्हणून ज्यांचे पैसे मोजके आहेत त्यांनी एकाच महाग टीटीएल फ्लॅशवर ते संपवण्याऐवजी हा फ्लॅश, सेलचे दोन संच, ट्रिगर, एक साधा स्टँड आणि पांढरी छत्री असा खर्च वाटून घ्यावा, आणि दुसरा फ्लॅश गरज भासेल तेव्हाच जोडावा.