शेल्टरचं मांजर 'मेन कून क्रॉस' म्हणून गळ्यात मारतात, ते असं

एका कुटुंबाला फसवलं गेलं ते प्रकरण आधी सांगतो, कारण तसंच्या तसं अजून चालू आहे. जाहिरात होती 'मेन कून क्रॉस, दहा आठवडे, आई प्युअर'. मेन कून ही मोठ्या अंगाच्या, लांब केसांच्या मांजरांची एक जात, आणि क्रॉस म्हणजे तिचा संकर. पिल्लू राखाडी पट्ट्यांचं, लांब केसांचं, गळ्याभोवती आयाळीसारखे केस, कानाच्या टोकांना झुपके. विकणाऱ्याने कपाळावरचा इंग्रजी 'एम' बोटाने दाखवला आणि म्हणाला, 'ही मेन कूनची खूण'. वजन काट्यावर दाखवलं, सव्वादोन किलो. 'दहा आठवड्यांत एवढं, मोठेपणी बघा!' कुटुंबाने मागितले तेवढे पैसे दिले.

पहिल्या तपासणीत डॉक्टरांनी ओठ वर करून दात पाहिले. समोरचे छोटे दात दुधाचे नव्हते, पक्के आले होते. वरच्या दुधाच्या सुळ्याच्या शेजारी पक्का सुळा हिरडीतून टोक काढत होता. म्हणजे वय दहा आठवडे नव्हे, पाच महिन्यांच्या आसपास. पाच महिन्यांच्या कुठल्याही साध्या बोक्याचं वजन सव्वादोन किलो असतंच. मग स्कॅनर फिरवला. मानेजवळ त्वचेखाली बसवलेली ओळखीची चिप निघाली आणि तिचा पंधरा अंकी नंबर एका शेल्टरच्या नावावर नोंदलेला होता. शेल्टरच्या दत्तक फॉर्मवर जातीच्या रकान्यात लिहिलं होतं 'घरगुती, लांब केस'. कोणीतरी नाममात्र शुल्क भरून पिल्लू दत्तक घेतलं होतं आणि जातीचं नाव चिकटवून विकून टाकलं होतं. विकणाऱ्याचा फोन अर्थातच बंद.

या सगळ्यात मोठी लबाडी वयाची होती, आणि ती दोन मिनिटांत पकडता येते. पिल्लाला दुधाचे एकूण 26 दात असतात आणि सहा ते आठ आठवड्यांत ते सगळे येऊन जातात. समोरचे पक्के दात साडेतीन-चार महिन्यांपासून दिसू लागतात, सुळे पाचव्या महिन्याच्या सुमारास, आणि सहा-सात महिन्यांपर्यंत पक्के 30 दात पूर्ण होतात. पहिले काही महिने पिल्लाचं वजन दर महिन्याला साधारण अर्धा किलोच्या आत-बाहेर वाढतं, म्हणून दहा आठवड्यांचं पिल्लू एक किलोच्या आसपास भरतं. 'वयाच्या मानाने प्रचंड मोठं' असं कोणी म्हटलं की आधी तोंड उघडून बघा. खरं मेन कून पूर्ण वाढायला तीन ते पाच वर्षं घेतं. पिल्लाच्या आकारावरून त्याची खात्री कोणीच देऊ शकत नाही.

आता त्या 'खुणा'. कपाळावरचा एम प्रत्येक पट्टेरी मांजराला असतो. गल्लीतल्या, गोठ्यातल्या, कुठल्याही. कानाचे झुपके आणि बोटांमधले केस लांब केसांच्या साध्या मांजरांतही सर्रास दिसतात. लांब केसांचं तर सरळ गणित आहे: ही अवस्था एफजीएफ5 नावाच्या जनुकातल्या बदलामुळे येते आणि ती अप्रभावी असते, म्हणजे तो बदल आई आणि बाप दोघांकडून आला तरच दिसते. दोन्ही आखूड केसांच्या आईबापांकडे तो बदल लपलेला असेल, तर प्रत्येक पिल्लाला लांब केस येण्याची शक्यता चारात एक. त्यासाठी घराण्यात पर्शियन किंवा मेन कून असावं लागत नाही. करड्या-निळसर रंगाचंही असंच. तोही अप्रभावी जनुकाचा खेळ, म्हणून प्रत्येक करडं मांजर 'रशियन ब्लू' ठरत नाही. जास्तीची बोटं असलेलं मांजरही मेन कूनचंच असतं असं नाही.

लोक इथेच फसतात, कारण कुत्र्यांचा हिशेब मांजरांना लावतात. मिश्र कुत्र्याच्या मागच्या पिढ्यांत ठरावीक जाती सापडण्याची शक्यता बरीच असते. मांजरांत उलटं आहे. माणसाजवळ मांजर हजारो वर्षं आहे, पण जाती म्हणून वेगळी काढलेली बहुतेक घराणी गेल्या दीडशे वर्षांतली. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांजरांचं पहिलं मोठं प्रदर्शन भरलं ते 1871 साली. साध्या मांजरांत आधीपासून असलेले केस, रंग आणि ठेवण निवडून जाती घडवल्या गेल्या. म्हणून साध्या मांजरात सयामीसारखा रंग दिसला तर तो सयामीकडून आलाय असं मानायला कारण नाही. शेल्टरमधल्या बहुतेक मांजरांच्या आजी-पणजीत कुठलीच नोंदलेली जात नसते. आमचं मत स्पष्ट आहे: चांगलं शेल्टर 'घरगुती, आखूड केस', 'घरगुती, मध्यम केस', 'घरगुती, लांब केस' याच्या पुढे जात नाही, आणि तेच प्रामाणिक उत्तर आहे.

फार लहान पिल्लांच्या बाबतीत तर कशावरच विश्वास ठेवू नका. सगळ्या पिल्लांचे डोळे सुरुवातीला निळे असतात आणि साधारण सहा-सात आठवड्यांनंतर खरा रंग उतरू लागतो. त्यामुळे चार-पाच आठवड्यांच्या पिल्लाला 'निळ्या डोळ्यांचं दुर्मिळ' म्हणून विकणं ही शुद्ध फसवणूक आहे, शिवाय त्या वयात आईपासून तोडणंच चूक. आठ आठवड्यांच्या आत तर नकोच, बारा झाले तर उत्तम. आई गाभण असताना आजारी पडली, ताप आला, तर पिल्लं चंदेरी-धुरकट केसांनी जन्मतात. तो रंग काही महिन्यांत झडून खाली साधा काळा किंवा पट्टेरी रंग येतो. अशी पिल्लं 'सिल्व्हर' म्हणून जास्त पैशाला जातात आणि सहा महिन्यांनी घेणाऱ्याला वाटतं की आपण काहीतरी चुकीचं खायला घातलं. काळ्या टोकांचं सयामीसारखं पिल्लू जवळजवळ पांढरं जन्मतं आणि नाक, कान, पंजे, शेपूट हे थंड भाग नंतर गडद होतात, कारण तो रंग कमी तापमानातच तयार होतो. नसबंदीसाठी भादरलेल्या जागी केस गडद उगवले तर घाबरू नका, तिथली त्वचा काही दिवस उघडी, थंड राहिली एवढंच.

कान दुमडलेले दाखवून 'स्कॉटिश फोल्ड' विकणारे वेगळेच. ही पिल्लं सरळ कानांनीच जन्मतात आणि तीन-चार आठवड्यांची झाल्यावर दोन्ही कान दुमडतात. हे जनुक प्रभावी असल्याने आईबापांपैकी एकाचे कान दुमडलेले असायलाच हवेत. ते दाखवता येत नसेल तर संपलं. एकच कान दुमडलेला असेल तर तो बहुधा कानात रक्त साकळून आकसलेला असतो, त्याला डॉक्टर हवा. आणि मांजर खरोखर फोल्ड असलं तर ते जास्तच वाईट: तोच दोष सगळ्या कूर्चेत असतो, सांधे दुखतात, शेपूट ताठ होते. अशा मांजरासाठी जास्त पैसे मोजू नयेत असं आम्ही ठामपणे सांगतो. डाव्या कानाचं टोक सरळ रेषेत, साधारण एक सेंटीमीटर कापलेलं दिसलं तर ते मांजर रस्त्यावरून पकडून नसबंदी केलेलं आहे. ही खूण मुद्दाम केलेली असते. 'ब्रीडरकडचं' म्हणून दाखवलेल्या मांजरावर ती असली तर व्यवहार तिथेच थांबवा.

वागण्यावरून जात सांगणं तर त्याहून पोकळ. 'खूप बोलते म्हणजे सयामी.' भूक, माजावर येणं, कंटाळा, म्हाताऱ्या मांजरात वाढलेलं थायरॉइड, यांपैकी काहीही असू शकतं. 'बॉल आणून देते, पाण्यात खेळते म्हणजे बेंगाल.' हे साधी मांजरंही करतात. माणसाशी सलगी मुख्यतः दोन ते सात आठवड्यांच्या वयात किती हात लागले यावर ठरते, शिवाय बापाचा स्वभावही उतरतो. सगळ्यात धोकादायक दावा 'रॅगडॉल'चा, म्हणजे उचलल्यावर अंग सैल सोडते असं सांगितल्या जाणाऱ्या जातीचा. विकणारा पिल्लू उचलतो, ते चिंधीसारखं लोंबतं, तो म्हणतो बघा. निरोगी पिल्लू खाली ठेवल्यावर लगेच उठतं, कान फिरवतं, वास घेतं. ठेवलं तिथेच पडून राहिलं, तिसरी पापणी, म्हणजे डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातला पातळ पडदा, डोळ्यावर आलेली असली, कान गरम लागले, तर ते आजारी किंवा भीतीने गोठलेलं आहे. अशा पिल्लाला आधी दवाखान्यात न्यायला सांगा.

कागदांचं काय? लसीचं कार्ड हा जातीचा पुरावा नाही. त्यावरच्या जातीच्या रकान्यात मालक सांगेल ते लिहिलं जातं. खऱ्या कागदावर नोंदणी संस्थेचं नाव, म्हणजे सीएफए, टिका, फिफे यांसारखं, आणि आई व बाप दोघांचे नोंदणी क्रमांक असतात. ते क्रमांक संस्थेकडे विचारून पडताळा. 'क्रॉस'ला असे कागद मिळतच नाहीत, त्यामुळे क्रॉस म्हणून विकलेल्या मांजराबाबत विकणाऱ्याला काहीही सिद्ध करावं लागत नाही. तिथे जातीच्या नावाचे पैसे शून्य धरा.

डीएनए अहवाल दाखवला तर त्यावर चिपचा नंबर आहे का ते बघा, नसेल तर तो कुठल्याही मांजराचा असू शकतो. दूध पिणाऱ्या पिल्लाच्या गालातून घेतलेल्या नमुन्यात आईच्या पेशी मिसळतात, तो निकाल धरू नका. पाच-दहा टक्के अमुक जात असं लिहिलेलं असलं, तर त्याचा अर्थ नमुना त्या जातीच्या संदर्भ गटाशी काही अंशी जुळतो एवढाच. आजारांच्या जनुकांचा भाग मात्र उपयोगाचा असतो. पीकेडी1 या जनुकातला बदल (त्यामुळे मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी होतात, पर्शियनमध्ये जास्त) सापडला तर मूत्रपिंडाची सोनोग्राफी करून घ्या, मग मांजर पर्शियन असो वा नसो.

पैसे देण्याआधी हे करा: दिवसाउजेडी, जमिनीच्या पातळीवरून न काढलेला व्हिडिओ मागा, कारण खालून जवळून काढलेल्या फोटोत कुठलंही मांजर वाघाएवढं दिसतं. आई प्रत्यक्ष बघा. दात बघा. दवाखान्यात भेटून चिप स्कॅन करायचा आग्रह धरा, टाळाटाळ झाली तर उठून या.

फसलाच असाल तर जाहिरातीचे आणि संदेशांचे स्क्रीनशॉट लगेच काढून ठेवा, जाहिरात काही तासांत गायब होते. डॉक्टरांकडून वय, दात, चिपचा नंबर यांची लेखी नोंद घ्या. त्या शेल्टरला नंबर कळवा. बऱ्याच शेल्टरच्या दत्तक करारात मांजर पुढे विकायला मनाई असते, त्यामुळे तो माणूस पुन्हा दत्तक मागायला आला तर त्यांना अडवता येतं. मांजर परत द्यायची घाई करू नका, विकणारा ते दुसऱ्याला तसंच विकेल. शेल्टरशी बोलून चिप आपल्या नावावर करून घ्या, नाहीतर मांजर हरवल्यावर फोन तुम्हाला येणार नाही.