‘गिझरला सर्दी झालीय का?’ कंडेन्सिंग गॅस हीटरचे नऊ महिने

मेव्हण्याने रिसॉर्टसाठी परदेशी बनावटीचे दोन कंडेन्सिंग, म्हणजे धुरातल्या वाफेची उष्णताही वापरणारे, गॅस हीटर मागवले होते. त्यातला एक खोक्यातच पडून होता. "तुला हौस आहे ना, घेऊन जा," म्हणाला. गेल्या दिवाळीआधी तो मी आमच्या नाशिकमधल्या इंदिरानगरच्या रो-हाउसमध्ये स्वतः बसवला. आता आषाढ चालू आहे. यंत्राला दहापैकी नऊ देईन, माझ्या कामाला जेमतेम पाच.

गॅसची जोडणी मात्र मी केली नाही. ती एजन्सीच्या मेकॅनिकने केली, साबणाचं पाणी लावून प्रत्येक जॉइंट तपासला. हीटरही बाथरूममध्ये न लावता मागच्या गच्चीच्या भिंतीवर लावलाय. बंद बाथरूममधल्या गॅस गिझरने माणसं गेल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात, त्यामुळे यात हिशेब करायचाच नव्हता.

खरी फजिती धुराच्या पाइपाने केली. एक किलो एलपीजी जळला की दीड लिटरहून थोडं जास्त पाणी वाफेच्या रूपात तयार होतं. साध्या गिझरमध्ये ही वाफ धुराबरोबर निघून जाते. हा हीटर धूर इतका थंड करतो की वाफेचं पाणी होतं आणि तिच्यातली उष्णताही अंघोळीच्या पाण्याला मिळते. धूर कोमटच असल्याने पुस्तिकेत प्लास्टिकचा पाइप चालेल असं लिहिलं होतं. तेवढंच वाचून मी कामाला लागलो. पाइपाला उतार दिला बाहेरच्या बाजूला, कारण आपल्याकडे पावसाचं पाणी आत येऊ नये म्हणून तसाच देतात. इथे तो उलटा हवा: उतार हीटरकडे, म्हणजे पाणी परत येऊन त्याच्या ड्रेनमधून जातं.

परिणाम असा की पाइपाच्या टोकातून थेंब थेंब शेजारच्या काकूंच्या बोळात पडायला लागले. थंडीत सकाळी पांढरी वाफही निघायची. काकूंनी विचारलं, "तुमच्या गिझरला सर्दी झालीय का हो?" आम्ही हसलो. दोन महिन्यांनी त्यांच्या शहाबादी फरशीवर बशीएवढा पांढरट, खरखरीत डाग दिसला तेव्हा हसू गेलं. हे पाणी आम्लयुक्त असतं आणि शहाबादी म्हणजे चुनखडीचाच दगड.

मग पाइप काढून उतार बदलला. ड्रेनखाली तीन इंची पाइपाचा तुकडा उभा लावून त्यात मोझॅकसाठी मिळणाऱ्या संगमरवराच्या चिप्स भरल्या. पाणी त्यातून झिरपत मोरीत जातं, आम्लता तिथेच जिरते. दिवसाला साधारण तांब्याभर पाणी निघतं. परवा उघडून पाहिलं, तर वरच्या चिप्सचे कोपरे झिजून त्या साबुदाण्यासारख्या गुळगुळीत झाल्या होत्या. दिवाळीला बदलेन.

दुसरी अडचण दाबाची. आमची टाकी हीटरच्या वर जेमतेम आठ फूट, तेवढ्यात शॉवर लावला की हीटर पेटायचाच नाही. शेवटी प्रेशर पंप घ्यावा लागला. तो घरघरतो, आणि तो खर्च मेव्हण्याने सांगितला नव्हता.

तिसरी गंमत जानेवारीत कळली. निफाडकडे पारा उतरला की आमच्याकडेही सकाळी बोटं वाकत नाहीत. दोन बाथरूम एकदम सुरू झाली की सिलिंडरच्या बाहेरून दव जमायचं, ज्योत मंदावायची आणि हीटर एरर दाखवून बंद पडायचा. एवढ्या झपाट्याने गॅस तयार करणं थंडगार सिलिंडरला जमत नाही. काहीजण सिलिंडरवर गरम पाणी ओततात, ते कृपा करून करू नका. आमचा नियम साधा: एका वेळी एकच अंघोळ. लाइट गेली तर मात्र काहीच चालत नाही, इन्व्हर्टरवर घ्यावाच लागतो.

पैशांचं बोलायचं तर पाच जणांच्या अंघोळीला थंडीत सिलिंडर आधी सत्तावीस दिवस पुरायचा, आता बत्तीसच्या आसपास जातो. महिन्याला सव्वाशे-दीडशे रुपये वाचतात. तेवढ्यासाठी कोणी हे विकत घेऊ नये. मला फुकट मिळाला म्हणून परवडला.

पाणी मात्र झकास. बेचाळीस अंशांवर ठेवला की बादलीत विसण घालावं लागत नाही. आईची तक्रार आहे, "कढत नाही बाई हे, बंबाची सर नाही." तिच्यासाठी अठ्ठेचाळीस करतो. एकाची अंघोळ झाल्यावर दुसरा लगेच शिरला तर मध्ये गार पाण्याचा एक झोत येतो आणि बाथरूममधून किंकाळी. त्याला उपाय सापडलेला नाही.

पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी आलं की आत येणाऱ्या पाइपाची जाळी आठवड्यातून एकदा धुतो. उन्हाळ्यात बोअरचं पाणी मिसळलं होतं, म्हणून मेमध्ये लिंबूसत्त्वाचं पाणी तासभर छोट्या पंपाने फिरवून आतला क्षार काढला. बादलीत खडूसारखा गाळ बसला होता.

काकूंची फरशी बदलून देतो म्हटलं, तर त्या नको म्हणाल्या. डागावर आता त्यांची गवती चहाची कुंडी आहे.