फुकट वाय-फायला नाव कोणाचे? प्रायोजक, जाहिरातदार आणि स्वतःचे जाळे

वाचनालयाच्या कार्यकारिणीपुढे किंवा नगरपरिषदेच्या सभेपुढे एखाद्या कंपनीचा प्रस्ताव येतो: उपकरणे आमची, इंटरनेटचे बिल आमचे, लोकांना सेवा मोफत आणि मोबदल्यात नाव आमचे. अशा वेळी चर्चा बहुधा भिंतीवरील फलकाच्या आकारावर रेंगाळते. वास्तविक कंपनीचे नाव तीन ठिकाणी लागू शकते: फलकावर, मोबाइलवर दिसणाऱ्या नेटवर्कच्या नावात आणि ज्या पानावर नागरिक आपला मोबाइल क्रमांक व ओटीपी भरतो त्या लॉगिनच्या पानावर. यांतील फलक सर्वांत निरुपद्रवी असतो, कारण तो एका दिवसात उतरवता येतो. उरलेल्या दोन जागा कोणाला द्यायच्या, हा खरा निर्णय आहे.

आपल्याकडचे सर्वांत बोलके उदाहरण रेल्वे स्थानकांचे आहे. सप्टेंबर २०१५ मध्ये जाहीर झालेली गूगल आणि रेल्वेची दूरसंचार कंपनी रेलटेल यांची मोफत वाय-फायची योजना जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रल स्थानकात सुरू झाली आणि जून २०१८ मध्ये दिब्रुगढ येथे ४०० व्या स्थानकापर्यंत पोहोचली. ऑप्टिकल फायबर रेलटेलचे आणि स्थानकातील बिनतारी जाळ्याचे तंत्रज्ञान गूगलचे, अशी कामाची वाटणी होती. वृत्तपत्रांत ही सेवा ‘गूगलचे वाय-फाय’ म्हणून गाजली, तरी प्रवासी मोबाइलवर जे नेटवर्क निवडत असे त्याचे नाव रेलटेलचे, म्हणजे ‘रेलवायर’ होते. मोबाइल डेटा स्वस्त झाल्याचे कारण देऊन फेब्रुवारी २०२० मध्ये गूगलने हा कार्यक्रम जगभर आवरता घेण्याचे जाहीर केले, तेव्हा या वाटणीचे मोल कळले: फायबर आणि नाव दोन्ही रेलटेलकडे असल्याने स्थानकांवरील सेवा चालू राहिली. पुढे खर्चाचा प्रश्न मात्र उरलाच. मार्च २०२१ मध्ये रेलटेलने सशुल्क योजना आणल्या. दिवसातील पहिली ३० मिनिटे १ एमबीपीएस वेगाने मोफत आणि त्यापुढे अधिक वेग हवा असल्यास १० रुपयांपासून पुढे पैसे, अशी व्यवस्था झाली. फेसबुकच्या ‘एक्सप्रेस वाय-फाय’चे उलट झाले. ती सेवा मोफत नव्हती, स्वस्त होती; पण ओळख कंपनीच्या नावावर उभी होती, आणि २०२२ मध्ये कंपनीने कार्यक्रम बंद केल्यावर ती ओळखही संपली.

प्रायोजकाऐवजी जाहिरातीच्या उत्पन्नावर सेवा चालवण्याचा दुसरा मार्ग न्यूयॉर्कने पत्करला. जुन्या सार्वजनिक टेलिफोनच्या जागी २०१६ पासून ‘लिंकएनवायसी’चे खांब उभे राहिले, त्यांवरील ५५ इंची पडद्यांवरच्या जाहिरातींतून मोफत वाय-फायचा खर्च निघावा आणि शहरालाही वाटा मिळावा, असे गणित होते. खांब प्रामुख्याने जाहिरात खपते त्या मॅनहॅटनमध्ये दाटले, शहराचा ठरलेला महसूल थकला आणि मूळ योजनेतील हजारो खांब उभेच राहिले नाहीत. न्यूयॉर्कमध्ये जे गणित जुळले नाही ते तालुक्याच्या चौकात जुळेल, असे मानण्यास मला आधार दिसत नाही.

तिसरा मार्ग कंपनीला दूर ठेवण्याचा. जर्मनीत ‘फ्रायफुंक’चे स्वयंसेवक आपापल्या राउटरवर मोफत, विनालॉगिन नेटवर्क चालवतात आणि त्याला चळवळीचेच नाव देतात. तेथेही जोडणी देणाऱ्यावर इतरांच्या गैरवापराची जबाबदारी येण्याची टांगती तलवार होती, आणि ती दूर करण्यासाठी २०१७ मध्ये कायदा बदलावा लागला. भारतात विनालॉगिन सेवा शक्य नाही. जुलै २००८ च्या अहमदाबाद स्फोटांपूर्वीचा धमकीचा ईमेल नवी मुंबईतील एका घरच्या वाय-फायवरून गेला होता. त्यानंतर फेब्रुवारी २००९ मध्ये दूरसंचार विभागाने सार्वजनिक वाय-फाय वापरणाऱ्याची ओळख नोंदवण्याच्या सूचना काढल्या. ओटीपीची ही व्यवस्था आणि नोंदी सांभाळणे छोट्या संस्थेला झेपत नाही, म्हणूनच प्रायोजकाचा आयता प्रस्ताव मोहात पाडतो.

डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेल्या, सार्वजनिक वाय-फायसाठीच्या केंद्र सरकारच्या पीएम-वाणी योजनेने ही अडचण बरीच हलकी केली आहे. वाचनालय, किराणा दुकान किंवा चहाची टपरी यांपैकी कोणीही परवान्याशिवाय ‘सार्वजनिक डेटा कार्यालय’, म्हणजे लोकांना वाय-फाय पुरवणारे केंद्र, होऊ शकते. ओळख पडताळणी आणि हिशेब वेगळी संस्था पाहते. जून २०२५ मध्ये ट्राय या दूरसंचार नियामकाने अशा कार्यालयांसाठी २०० एमबीपीएसपर्यंतच्या फायबर जोडणीचा दर घरगुती दराच्या दुपटीहून अधिक नसावा, अशी मर्यादा घातली. त्यामुळे एका दालनापुरते किंवा अभ्यासिकेपुरते वाय-फाय हवे असेल, तर कोणत्याही कंपनीचे नाव स्वीकारण्याची गरज नाही. महिन्याचे बिल वर्गणीतून किंवा एखाद्या देणगीदाराकडून भागवता येते, आणि देणगीदाराच्या नावाची पाटी लावण्यास कोणाची हरकत असण्याचे कारण नाही.

संपूर्ण बाजारपेठ किंवा अनेक इमारती जोडायच्या असतील, तर खोदाई, फायबर आणि खांबांचा सुरुवातीचा खर्च मोठा असतो आणि तेथे प्रायोजक घेणे रास्त ठरते. तेव्हा नेटवर्कचे नाव संस्थेचेच राहील, टाकलेले फायबर आणि ॲक्सेस पॉइंट (वाय-फायचा सिग्नल देणारी उपकरणे) मुदतीअखेर संस्थेच्या मालकीचे होतील आणि सेवा थांबवण्यापूर्वी किमान सहा महिन्यांची सूचना मिळेल, या अटी करारात लेखी असाव्यात. लॉगिनसाठी घेतलेला क्रमांक विक्रीच्या संदेशांसाठी वापरायचा असल्यास नागरिकाची स्वतंत्र संमती घेतली जावी, अशीही अट घालावी. २०२३ चा वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षणाचा कायदा संमती ठरावीक हेतूपुरतीच मानतो. या शेवटच्या अटीवर जी कंपनी अडून बसते, तिला फलकापेक्षा ते क्रमांकच हवे आहेत असे समजून सभेने निर्णय घ्यावा.