तो तुकडा आमच्या घराचा नव्हताच

गेल्या मे महिन्यात एक माणूस शिडीवरून उतरला आणि त्यानं माझ्या आईच्या तळहातावर लाकडाचा एक तुकडा ठेवला. वीतभर लांब, तपकिरी, बोटानं दाबला की भाकरीच्या पापुद्र्यासारखा मोडणारा. "मावशी, वरचं सगळं असंच झालंय. ह्या पावसात टिकत नाही." आईचा चेहरा उतरला. संध्याकाळी मी घरी आलो तेव्हा तुकडा टेबलावर होता आणि सौदा जवळपास ठरलेला होता. त्या तुकड्यापायी आमचे ६२ हजार गेले.

आमचं घर शुक्रवार पेठेत. आजोबांनी बांधलेलं, माडीचं, वर मंगलोरी कौलं. रस्त्याच्या बाजूला वळचणीला वाशांची तोंडं झाकणारी सागवानी फळी, तिच्याखाली कातीव झालर आणि फळीला लागून पत्र्याची पन्हळ. तोंड पश्चिमेला. मृग लागला की वाऱ्यासकट येणारा पाऊस नेमका ह्याच फळीवर बडवतो.

हा माणूस आपणहून आलेला. "पलीकडच्या गल्लीत काम चाललंय, जाता जाता नजर गेली." फळीवरच्या ऑइलपेंटला फुगे आले होते, पन्हळीच्या जोडाखाली काळे ओघळ होते. ते त्यानं रस्त्यावरूनच दाखवलं, आणि ते खरं होतं. सगळंच खोटं बोलला असता तर मी दारातूनच वाटेला लावला असता.

मग त्यानं पूर काढला. २०१९ ला पाणी आमच्या पायरीपर्यंत आलं होतं, २०२१ ला उंबऱ्याला लागलं. "दादा, ती ओल भिंतीतून वर चढत चढत आता छपराला पोचलीय. म्हणून आधी केमिकल, मग लाकूड." पेठेत पुराचं नाव काढलं की कोण वाद घालणार? मीही नाही घातला. भिंत जमिनीतली ओल शोषते हे खरं, पण ती चढून चढून तीन-चार फूट चढते, फार तर पाच. आमची वळचण अठरा फुटांवर आहे. तिथं ओल आली तर वरूनच येणार: फुटकं कौल, गळकी पन्हळ नाहीतर उघडी पडलेली लाकडाची तोंडं. एवढा हिशेब मला त्या संध्याकाळी सुचला नाही.

काम तीन दिवस चाललं. परांची बांधली, तिला हिरवी जाळी लावली. "धूळ नको उडायला, शेजारी बोंबलतात." दिवसभर मी ऑफिसात, आईचे गुडघे तिला माडीचा जिनाही चढू देत नाहीत. पहिल्या दिवशी टेम्पोतून कोऱ्या फळ्या उतरताना तिनं पाहिल्या आणि ती निर्धास्त झाली. दुसऱ्या दिवशी दुपारी चांगला तासभर वळीव झाला. तिसऱ्या दिवशी सकाळी रंग. ओल्या लाकडावर रंग कसा काय, हे मी विचारलंही. "प्रायमर वेगळा आहे आपला." जाळी निघाली तेव्हा घर असं झळकत होतं की मीच फोटो काढून पाहुण्यांना पाठवला.

गौरी-गणपतीत झालरीचा हातभर तुकडा सुटून खाली लावलेल्या स्कूटरच्या सीटवर पडला. पाचच मिनिटांपूर्वी तिथं मंडळाची पोरं उभी होती. मी त्या माणसाला फोन केला. पहिल्यांदा उचलला, "उद्या येतो" म्हणाला. त्यानंतर रिंग वाजतच राहिली.

दिवाळीच्या तोंडावर आईच्या माहेरच्या ओळखीतले एक म्हातारे सुतारमामा आले. वर चढायच्या आधी त्यांनी रस्त्याच्या पलीकडे उभं राहून बिडी संपेपर्यंत नुसतं वर बघितलं. मग खिशातला टोच्या काढला आणि मला म्हणाले, "तू पण चढ. खालून समदं ग्वाडच दिसतंय."

वर जे पाहिलं ते सविस्तर सांगतो, कारण ह्यातलं काहीच मला माहीत नव्हतं. टोच्याच्या मुठीनं ते फळीवर ठोकत सरकत होते. दाराच्या वरच्या चार फुटांत आवाज टणटणीत. तिथून डावीकडे गेलं की बद्द, जणू ओल्या पुठ्ठ्यावर ठोकतोय. टणटणीत जागी टोच्या सूतभरही आत जाईना. बद्द जागी अंगठ्याच्या जोरानं अर्धा इंच गेला, आणि बाहेर काढताना टोकाला पांढरट पीठ चिकटून आलं. ती लांबी, म्हणजे भोकं-भेगा बुजवायची पुट्टी. कुजलेला भाग न काढता त्याच्यावरच लांबी थापून, घासून, रंग मारला होता. मामांनी टोच्यानं एक कपची उचकटली. निरोगी लाकडाची कपची लांब निघते आणि कडकन आवाज करते. ही आडवी, आखूड आणि मुकाट तुटली.

फुग्यांचंही त्यांनी दाखवलं. उन्हानं आलेला फुगा फोडला तर खाली जुना रंग दिसतो. ओलीचा फुगा थेट लाकडापासून सुटतो, आणि खाली लाकूड काळपट, गार लागतं. खिळ्यांभोवतीचे काळे डाग म्हणजे लोखंड, ओल आणि सागातला रस एकत्र आल्याची खूण. सगळ्यात आधी कुजतात ती कापलेली टोकं आणि जोड. लाकूड टोकाकडून पाणी पितं तेवढं अंगानं पीत नाही, त्यामुळे दोन फळ्या जिथं भिडतात तिथं आधी टोचून बघायचं. आमची पन्हळ गळत होती ती नेमकी अशाच एका जोडावर. त्या माणसानं पन्हळीला हातही लावला नव्हता. उलट वरून जाड रंग चढवून आत शिरलेल्या पाण्याला सुकायची वाटच बंद केली.

मामांच्या मुलाकडे दोन सुयांचं ओलावा मोजायचं यंत्र होतं. कोऱ्या चार फुटांत आकडा १३ टक्के आला, जोडाजवळ २८. वीसच्या वर आकडा राहायला लागला की बुरशीला लाकूड खायला मोकळीक मिळते, असं तो म्हणाला.

मग मी चहाच्या वेळी तो तुकडा आणून दाखवला. आईनं तो शोकेसमध्ये ठेवला होता, का ते तिलाच माहीत. मामांनी तो उलटा केला, नखानं खरवडला, नाकाशी नेला.

"ह्यो आंब्याचा हाय."

"म्हणजे?"

"म्हंजी काय? तुमचं वासं किंजळीचं, फळ्या सागाच्या. ह्या घरात आंबा कुठनं आला?" आणि तुकडा माझ्या हातात देत म्हणाले, "आणि निळा रंग कवा लावलता रं तुम्ही?"

एका कडेला खरंच निळ्या रंगाची पुसट रेघ होती. आमचं घर माझ्या आठवणीत कायम चॉकलेटी. पाच महिने तो तुकडा घरात होता आणि आम्ही घरच्यांनी तो कितीदा तरी हातात घेतला होता.

बिल म्हणून एका कागदावर पेनानं 'सागवान ५ घनफूट' लिहून दिलं होतं. मामांनी तोंडी हिशेब केला. लांबी फुटांत, रुंदी आणि जाडी इंचांत, गुणाकार करून १४४ नं भागायचं. आमची फळी ३२ फूट लांब, ९ इंच रुंद, १ इंच जाड. होतात २८८, म्हणजे बरोबर २ घनफूट. पाच कुठून आले? आणि त्या दोनांतलं बसवलं किती, तर दाराच्या वरचे चार फूट, जे आल्यागेल्याला आणि आईला खुर्चीतून दिसतात. म्हणजे पाव घनफूट. बाकीच्या कोऱ्या फळ्या टेम्पोतून आल्या तशाच जाळीआडून परत गेल्या असणार.

आता ग्राहक आयोगाकडे तक्रार टाकतोय. जिल्हा आयोगात पाच लाखांपर्यंतच्या कामाला फी नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे, हे १९१५ ह्या हेल्पलाइनवर विचारून घेतलं. अडचण पुराव्याची आहे. कागदावर ना नाव, ना सही. ४० हजार रोख दिले, २२ हजार मोबाइलवरून गेले, तेवढ्याचीच नोंद आहे. कामाआधीचा फळीचा एकही फोटो माझ्याकडे नाही. झळकलेल्या घराचे मात्र अकरा आहेत.

मामांनी पन्हळीचा उतार आणि जोड आधी दुरुस्त केला, मग आठवडाभर फळी उघडी ठेवून सुकवली आणि जेवढी कुजली होती तेवढीच, अकरा फूट, बदलली. नव्या फळीच्या कापलेल्या टोकांना बसवायच्या आधीच रंग पाजला. लाकूड, मजुरी, रंग धरून साडेचौदा हजार झाले.

गेल्या आठवड्यात आई हळदीकुंकवाला दोन गल्ल्या पलीकडे गेली होती. बोलता बोलता आमच्या छपराचा विषय निघाला. त्या घरच्या काकू काही न बोलता आत गेल्या आणि कागदात गुंडाळलेला वीतभर तुकडा घेऊन आल्या. त्याच्याही कडेला निळा रंग होता.