जुन्या गाडीचं वायरिंग: नवा सेट की जुनंच बांधून?

खानापूरकडचा पाऊस आणि बॉनेटखाली बिऱ्हाड करणारे उंदीर, दोघांनी मिळून इंजिनचं वायरिंग खाल्लं की प्रश्न येतोच. नवा सेट कपलरसकट, म्हणजे वायरी जोडायच्या प्लगांसकट, बसतो, डोक्याला ताप नाही. पण जुन्या मॉडेलचा मिळायला हवा ना! कार्ब्युरेटरवाल्या मारुती ८०० ला वायरी मोजक्याच. तिथं मी तरी बेळगावातल्या चांगल्या वायरमनकडून जुनंच बांधून घेईन. अट एवढीच: वायर मूळ जाडीची, मूळ रंगाची, जोड क्रिंप केलेला (धातूच्या नळीत दाबून पक्का केलेला) आणि वर हीट-श्रिंक स्लीव्ह (गरम केल्यावर आवळून बसणारी नळी). नुसता पीळ देऊन टेप गुंडाळली तर इंजिनच्या उष्णतेनं तिचा डिंक सुटतो. इंजेक्शनच्या, म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी कॉम्प्युटरच्या हुकमानं इंधन फवारणाऱ्या गाडीत मात्र सेन्सरच्या वायरींना जोड नकोतच. तिथं नवाच सेट घ्या. आणि हो, खर्चात पडण्याआधी अर्थिंगचे बोल्ट (बॅटरीची अर्थची वायर बॉडीला आणि इंजिनला आवळतात ते) घासून बघा, कधी कधी सगळं दुखणं तिथंच निघतं.